तान्ह्या बाळासह पहिली क्रूझ: कोणते जहाज, कोणती केबिन?

गंगापूर रोडवर राहणाऱ्या एका कुटुंबाचा प्रश्न आहे. १४ महिन्यांचा मुलगा, साडेपाच वर्षांची मुलगी, आई-वडील आणि आजी-आजोबा अशा सहा जणांना मे महिन्याच्या सुट्टीत पहिल्यांदाच क्रूझवर जायचे आहे. मुंबईहून गोवा-लक्षद्वीपची फेरी करावी की सिंगापूरहून निघावे, लहान मुलांसाठी कोणत्या कंपनीचे जहाज चांगले, केबिन बाल्कनीची घ्यावी की आतली, आणि सहा जणांसाठी एकच मोठा सुइट घ्यावा की दोन केबिन, असे त्यांनी विचारले आहे.

मी नाशिकमध्ये २२ वर्षे प्रवासाच्या आखणीचे काम करतो आहे आणि स्वतःच्या दोन्ही मुलांना ती शाळेत जाण्याआधी जहाजावर नेले आहे. माझ्याकडे येणारी बहुतेक कुटुंबे चर्चेची सुरुवात दरापासून किंवा जहाजावरच्या घसरगुंड्यांपासून करतात. मी त्यांना पहिला प्रश्न वेगळा विचारतो: तुमचे बाळ दुपारी एक वाजता कुठे झोपणार आहे? गोव्याच्या हॉटेलात बाळ झोपले की बाहेरच्या व्हरांड्यात बसता येते, बागेत एक चक्कर मारता येते. जहाजावर बाळ झोपले की मोठ्यांपैकी एक जण रोज दुपारचे दोन तास आणि रात्री साडेआठनंतरचा सगळा वेळ त्याच खोलीत असतो. त्यामुळे ज्या कुटुंबात तीन वर्षांखालील मूल आहे, त्याने आधी झोपेची सोय, मग केबिन, मग जहाज आणि सर्वांत शेवटी बंदरे या क्रमाने विचार करावा, असे माझे ठाम मत आहे. आपल्या प्रश्नाचे उत्तरही मी याच क्रमाला धरून देतो, मात्र त्याआधी वयाचे नियम पाहू, कारण काही पर्याय तेथेच गळून पडतात.

बहुतेक मोठ्या क्रूझ कंपन्या सहा महिन्यांखालील बाळाला जहाजावर घेत नाहीत, आणि सलग तीन किंवा अधिक दिवस भर समुद्रात असणाऱ्या लांब फेऱ्यांसाठी ही अट अनेकदा बारा महिन्यांची असते. वय मोजले जाते ते जहाज सुटण्याच्या दिवशीचे, बुकिंगच्या दिवशीचे नव्हे. व्हर्जिन व्हॉयेजेस आणि व्हायकिंग यांसारख्या कंपन्यांची जहाजे तर केवळ प्रौढांसाठीच आहेत. घरात कोणी गरोदर असेल तर फेरी संपेपर्यंत २४वा आठवडा लागता कामा नये, अशी अट बहुतेक ठिकाणी असते आणि डॉक्टरांचे पत्र मागितले जाते. आपला मुलगा १४ महिन्यांचा असल्याने प्रवेशाची अडचण नाही. खरी अडचण प्रवेशानंतर सुरू होते.

जहाजावरचा किड्स क्लब, म्हणजे प्रशिक्षित कर्मचाऱ्यांकडे मुले सोपवण्याची जागा, बहुतेक कंपन्यांत पूर्ण तीन वर्षांपासून पुढे आणि डायपर सुटलेल्या मुलांसाठीच असते. रॉयल कॅरिबियनचा नियम असाच आहे. कार्निव्हलमध्ये ही मर्यादा दोन वर्षांची आहे. तीन वर्षांखालील मुलांसाठी वेगळे पाळणाघर असते, पण ते सर्व जहाजांवर नसते, त्याला तासाप्रमाणे पैसे पडतात आणि जागा थोड्या असल्याने आधी नोंदणी करावी लागते. डिस्नेच्या जहाजांवर आणि रॉयल कॅरिबियनच्या अनेक मोठ्या जहाजांवर सहा महिने ते तीन वर्षे या वयासाठी अशी सोय आहे. म्हणजे माहितीपत्रकातले ‘मुलांसाठी भरपूर सोयी’ हे शब्द आपल्या मुलीला लागू होतील, मुलाला होतीलच असे नाही.

पोहण्याच्या तलावाबाबत तर मी प्रत्येक कुटुंबाला दोनदा सांगतो. डायपर लावणाऱ्या बाळाला जहाजाच्या तलावात उतरू दिले जात नाही, पाण्यात वापरायचा खास डायपर असला तरीही नाही. अमेरिकी बंदरांना जाणाऱ्या जहाजांवर हा तेथील सार्वजनिक आरोग्य खात्याचा नियम आहे आणि अनेक कंपन्या तो जगभर पाळतात. काही जहाजांवर अगदी लहान मुलांसाठी पाण्याच्या कारंज्यांची वेगळी जागा असते आणि तेथेच बाळाला भिजता येते. बुकिंगपूर्वी त्या विशिष्ट जहाजावर अशी जागा आहे का, हे विचारावे. कंपनीच्या एका जहाजावर असते आणि दुसऱ्यावर नसते.

साडेपाच वर्षांच्या मुलीसाठी किड्स क्लब ही मोठी गोष्ट ठरू शकते, परंतु एक विचार मनात आधीच असावा. तेथील कर्मचारी इंग्रजीत बोलतात. मुलगी मराठी माध्यमात शिकत असेल किंवा अनोळखी माणसांत लवकर रुळत नसेल, तर पहिल्या दिवशी ती दहा मिनिटांत रडत परत येईल आणि त्यात तिचा काहीही दोष नसेल. जहाजावर चढल्याच्या दिवशी क्लब पालकांसह पाहण्यासाठी खुला असतो, त्या वेळी तिच्याबरोबर अर्धा तास तेथे बसावे, रंगपेटी कुठे आहे, स्वच्छतागृह कुठे आहे हे तिला दाखवावे, आणि दुसऱ्या दिवशी फक्त चित्रकलेच्या तासापुरते सोडावे. माझ्या अनुभवात या सावकाश पद्धतीने रुळलेली मुले शेवटच्या दिवशी क्लबमधून निघायला तयार नसतात. तीन रात्रींच्या फेरीत मात्र रुळेपर्यंतच फेरी संपते, म्हणून केवळ किड्स क्लबसाठी जास्त पैसे मोजायचे असतील तर किमान चार रात्रींची फेरी घ्यावी.

आता महिना आणि समुद्र. आपण मे म्हणता, आणि माझ्या दृष्टीने मुंबई की सिंगापूर हा प्रश्न येथेच बहुतांशी सुटतो. अरबी समुद्र नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून मार्चपर्यंत सर्वसाधारणपणे शांत असतो. मे महिन्याच्या मध्यानंतर वारे वाढू लागतात आणि मान्सूनपूर्व काळात चक्रीवादळेही येतात; तौक्ते वादळ मे २०२१ मधले आणि निसर्ग वादळ ३ जून २०२० चे, हे आपल्या सगळ्यांच्या लक्षात असेल. दरवर्षी असे होते असे नाही, आणि हवामान बिघडले तर जहाज कंपनी मार्ग बदलते किंवा फेरी रद्द करते, त्यामुळे सुरक्षिततेची भीती बाळगण्याचे कारण नाही. पण बाळासह पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबाने डुलणाऱ्या जहाजावर तीन दिवस काढावेत, असे मला वाटत नाही. याउलट सिंगापूरहून मलेशियातील पेनांग किंवा पोर्ट क्लांग या बंदरांकडे जाणारी जहाजे मलाक्काच्या सामुद्रधुनीतून जातात. तिच्या एका बाजूला सुमात्रा आणि दुसऱ्या बाजूला मलाय द्वीपकल्प असल्याने मोठ्या लाटा तेथे पोचत नाहीत, आणि विषुववृत्ताच्या इतक्या जवळ चक्रीवादळे सहसा तयारच होत नाहीत. म्हणून मे महिनाच पक्का असेल तर सिंगापूर, आणि मुंबईहूनच जायचे असेल तर मे सोडून नाताळ किंवा जानेवारी, असा माझा सल्ला आहे.

मुंबईहून कॉर्डेलिया क्रूझेसचे ‘एम्प्रेस’ हे जहाज २०२१ पासून फिरत आहे. ते १९९० साली रॉयल कॅरिबियनसाठी बांधलेले, सुमारे २११ मीटर लांबीचे जहाज आहे. त्याच्या जमेच्या बाजू आपल्यासारख्या कुटुंबासाठी खऱ्या आहेत: विमानप्रवास नाही, व्हिसा नाही, बिल रुपयांत, जेवण भारतीय आणि जैन जेवणाचीही सोय. त्या काळच्या बांधणीप्रमाणे केबिन आजच्या मानाने लहान आहेत आणि बाल्कनी मोजक्याच वरच्या श्रेणीच्या केबिनना आहे. लक्षद्वीपची फेरी मात्र १४ महिन्यांच्या बाळासाठी मी सुचवत नाही. तेथे मोठे जहाज किनाऱ्याला लागू शकत नाही, ते दूर नांगर टाकते आणि प्रवाशांना लहान बोटींतून बेटावर नेले जाते. बाळाला कडेवर घेऊन हलत्या बोटीत पाय टाकणे, उन्हात रांगेत थांबणे आणि गुडघेदुखी असलेल्या आजीला सोबत सांभाळणे, हे सर्व एकाच वेळी जमत नाही. मुंबईहून गेलात तर गोव्याची दोन-तीन रात्रींची फेरी घ्यावी.

सिंगापूरहून स्टारड्रीम क्रूझेसचे (आधीचे नाव रिसॉर्ट्स वर्ल्ड क्रूझेस) ‘जेंटिंग ड्रीम’ हे जहाज मरिना बे क्रूझ सेंटरवरून दोन-तीन रात्रींच्या फेऱ्या करते. ते २०१६ मध्ये सेवेत आले, त्याची लांबी सुमारे ३३५ मीटर आहे आणि बाल्कनीच्या केबिन भरपूर आहेत. भारतीय प्रवासी मोठ्या संख्येने असल्याने शाकाहारी आणि भारतीय जेवणाची तेथे अडचण होत नाही. रॉयल कॅरिबियनची मोठी जहाजे हंगामानुसार सिंगापूरहून निघतात. मोठ्या मुलांसाठी त्यांच्याकडे सर्वांत जास्त करमणूक आहे, पण त्यातल्या अनेक गोष्टींना उंचीची अट असते आणि साडेपाच वर्षांची मुलगी त्या अटीत बसेलच असे नाही. डिस्नेचे ‘डिस्ने अॅडव्हेंचर’ हे जहाज तीन-चार रात्रींच्या फेऱ्यांसाठी सिंगापूरला आणले आहे. तान्ह्यांचे पाळणाघर आणि लहान मुलांची जागा यांत डिस्नेचा हात धरणारे कोणी नाही, हे मी निःसंकोचपणे सांगतो. पण दर सर्वांत चढा आहे, आणि ६ हजारांहून अधिक प्रवासी सामावणाऱ्या जहाजावर आजी-आजोबांना चालावे खूप लागते. आपल्या कुटुंबात एक तान्हे बाळ, एक लहान मुलगी आणि दोन ज्येष्ठ आहेत. या सगळ्यांचा तोल पाहता, मे महिन्यात जायचे तर मी ‘जेंटिंग ड्रीम’ची तीन रात्रींची फेरी निवडेन. मुलगी सात-आठ वर्षांची आणि मुलगा तीन पूर्ण झालेला असता, तर माझे उत्तर वेगळे असते.

जहाज ठरले की केबिनची जागा. येथे मी जरा सविस्तर लिहितो, कारण लोक श्रेणीवर भांडतात आणि जागेकडे पाहत नाहीत, आणि बाळाची झोप मात्र जागेवर अवलंबून असते. एसटीच्या शेवटच्या बाकावर बसून कसारा घाट उतरलेल्या माणसाला हे लगेच समजेल: गाडी तीच असते, पण मधल्या बाकावर जो धक्का जाणवत नाही तो मागे पोटात जाणवतो. जहाजही पुढे-मागे डोलते, आणि त्याच्या मध्यावर, खालच्या मजल्यांवर ही हालचाल सर्वांत कमी असते. पुढच्या टोकाला आणखी एक त्रास म्हणजे बंदरात शिरताना पहाटे नांगराच्या साखळीचा आवाज. मागच्या टोकाला इंजिनाची थरथर. म्हणून लांबीच्या मध्यभागी असलेली केबिन मागावी, लिफ्टपासून पाच-सात दारे सोडून, म्हणजे आजी-आजोबांना फार चालावे लागणार नाही आणि लिफ्टसमोरचा गलकाही खोलीत येणार नाही.

त्यानंतर वर आणि खाली काय आहे ते पाहावे. प्रत्येक कंपनी आपल्या जहाजाचा मजलावार नकाशा देते, त्याला डेक प्लॅन म्हणतात. आपल्या केबिनचा क्रमांक शोधून त्याच्या बरोबर वरच्या आणि बरोबर खालच्या मजल्याचा नकाशा समोर ठेवावा. वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच असतील तर ती जागा उत्तम. वर पोहण्याचा तलाव, बुफे किंवा व्यायामशाळा असेल, अथवा खाली नाट्यगृह किंवा नाचगाण्याचा हॉल असेल, तर ती केबिन कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. ही चूक मी स्वतः केली आहे. माझी मुलगी दोन वर्षांची असताना आम्ही वरच्या मजल्यावरची, हवेशीर वाटणारी केबिन घेतली. तिच्या वर बुफेचा मजला होता. पहाटे पाच वाजता खुर्च्या ओढण्याचा आवाज सुरू झाला आणि चार दिवस ती पाचलाच उठून बसली. दुपारी ती रडायची, संध्याकाळी आम्ही थकलेले असायचो, आणि बंदरात उतरल्यावर काय पाहिले ते आज मला आठवत नाही. तेव्हापासून माझ्या कार्यालयात कोणत्याही कुटुंबाची केबिन तीन मजल्यांचे नकाशे पाहिल्याशिवाय पक्की होत नाही.

याच कारणासाठी ‘गॅरंटी’ दराची केबिन मुलांसह कधीही घेऊ नये. या दरात श्रेणी ठरलेली असते, पण क्रमांक कंपनी शेवटी देते. दोन तरुण माणसांना त्यात पैसे वाचतात; तुमच्या बाबतीत दोन केबिन दोन वेगळ्या मजल्यांवर येऊ शकतात.

आता बाल्कनी की आतली केबिन. आतली केबिन साधारणतः १५० ते १८० चौरस फुटांची असते आणि तिला खिडकी नसते, म्हणून ती ऐकताक्षणी नकोशी वाटते. परंतु दिवा घालवला की ती भर दुपारी पूर्ण काळोखी होते, आणि बाळाच्या झोपेसाठी याहून चांगली जागा जहाजावर नाही. बाल्कनीचा फायदा मोठ्यांना आहे: बाळ आत झोपले असताना आई-बाबा बाहेर समुद्र पाहत बसू शकतात, ज्येष्ठांना गर्दीत न जाता मोकळी हवा मिळते. बाल्कनीचा कठडा साधारण साडेतीन फूट उंच असतो आणि एरवी पुरेसा सुरक्षित असतो. धोका तेथे ठेवलेल्या खुर्चीचा आणि छोट्या टेबलाचा असतो. साडेपाच वर्षांची मुलगी खुर्चीवर चढली की कठडा तिच्या कमरेइतकाच उरतो. त्यामुळे मुले बाल्कनीत असताना खुर्च्या आत घ्याव्यात किंवा केबिनच्या सेवकाला त्या काढून न्यायला सांगाव्यात, दाराची वरची कडी नेहमी लावलेली असावी, आणि मोठे माणूस सोबत असल्याशिवाय दार उघडायचे नाही हा नियम पहिल्याच संध्याकाळी मुलीला सांगावा. हे पाळण्याची खात्री वाटत नसेल तर बंद खिडकीची ओशन व्ह्यू केबिन घ्यावी, त्यात काहीही कमीपणा नाही.

सहा जणांसाठी एकच मोठा सुइट मी सुचवत नाही. एका खोलीत बाळ रात्री दोनदा उठले की सहाही जण उठतात, स्वच्छतागृह सकाळी एकच असते आणि आजोबांना दुपारी पडायचे असले तरी बाळाच्या वेळा पाळाव्या लागतात. दोन केबिन घ्याव्यात. त्यातही माझी आवडती रचना अशी: मधल्या मार्गिकेच्या एका बाजूला आई-वडील आणि बाळ यांची आतली केबिन, आणि तिच्या अगदी समोर आजी-आजोबांची बाल्कनीची केबिन, जिथे मुलगी आजीजवळ झोपेल. दिवसभर सगळे आजोबांच्या बाल्कनीत जमतात, बाळाची झोपायची वेळ झाली की समोरच्या काळोख्या खोलीत जायचे. दोन्ही बाल्कनी घेण्यापेक्षा यात खर्च कमी येतो आणि सर्वांची सोय अधिक होते. आतल्या दाराने जोडलेल्या केबिन मिळत असतील तर त्याही चांगल्या, पण बुकिंग करताना ‘शेजारच्या’ आणि ‘आतून जोडलेल्या’ हे दोन शब्द वेगळे आहेत, याची खात्री करून घ्यावी. शेजारच्या केबिनमध्ये आतले दार असेलच असे नाही.

बाळ मांडीवर बसणारे असले तरी जहाजावर ते पूर्ण प्रवासी मोजले जाते. प्रत्येक केबिनची आणि प्रत्येक जीवरक्षक नौकेची माणसांची मर्यादा ठरलेली असते, त्यामुळे केबिन रिकामी दिसूनही तिसऱ्या किंवा चौथ्या माणसाची जागा संपलेली असते. मे महिन्याच्या सुट्टीत हेच सर्वांत आधी संपते, म्हणून सहा-आठ महिने आधी नोंदणी करावी. बाळासाठी घडीचा पाळणा बुकिंगच्या वेळीच लेखी मागावा आणि तो उघडल्यावर खोलीत चालायला जागा उरते का, हे विचारावे. तिसरा-चौथा पलंग बहुधा भिंतीतून किंवा छतातून खाली येणारा वरचा बर्थ असतो; सहा वर्षांखालील मुलाला त्यावर झोपवू नये, म्हणून मुलीसाठी सोफ्याचा पलंग आहे का ते पाहावे. अंघोळीसाठी बहुतेक केबिनमध्ये फक्त शॉवर असतो. बाळाला बसवून अंघोळ घालायची सवय असेल तर घडी होणारा, हवा भरायचा छोटा टब सोबत न्यावा. घरची विजेची किटली नेऊ नये, ती आगीच्या नियमांमुळे काढून घेतली जाते. बाटल्या धुण्यासाठी उकळते पाणी बुफेतून किंवा केबिनच्या सेवकाकडून मिळते. बाबागाडीही छत्रीसारखी मिटणारी असावी, कारण केबिनची दारे अरुंद असतात आणि मार्गिकेत गाडी ठेवू देत नाहीत.

जेवणाच्या वेळेबाबत परदेशी मार्गदर्शिका सरसकट सांगतात, की लहान मुले असतील तर संध्याकाळची पहिली पंगत घ्या. सिंगापूरला जाणाऱ्या नाशिककरांसाठी हा सल्ला उलटा आहे. सिंगापूरचे घड्याळ आपल्या अडीच तास पुढे असते. तेथील संध्याकाळी सहाची पहिली पंगत म्हणजे मुलांच्या पोटाची दुपारी साडेतीन. भूकच लागलेली नसते. साडेआठची दुसरी पंगत ही त्यांची संध्याकाळची सहा, आणि तेथील रात्री अकराला झोपणारे बाळ आपल्या साडेआठला झोपलेले असते. तीन रात्रींसाठी मुलांचे घड्याळ बदलण्याचा प्रयत्नच करू नये, ते घरच्याच वेळेवर राहू द्यावे आणि सकाळी उशिरा उठावे. दुबई किंवा युरोपच्या फेरीत घड्याळ आपल्या मागे असते, तेथे मात्र पहिलीच पंगत योग्य.

भारतीय जेवण म्हणजे लहान मुलांचे जेवण असे समजू नये. जहाजावरची डाळ आणि भाजी मोठ्यांच्या चवीप्रमाणे तिखट असते. आदल्या रात्री मुख्य वाढप्याला सांगून ठेवले तर साधे वरण, मऊ भात आणि दही दुसऱ्या दिवशी वेगळे मिळते. हे सांगायला आपले लोक उगाच संकोचतात. जैन जेवण हवे असेल तर ते बुकिंगमध्येच नोंदवावे. घरी शिजवलेले अन्न जहाजावर नेऊ देत नाहीत, पण बाळाची बंद डब्यातली दूध पावडर आणि तयार आहार नेता येतो. पावडर नेहमीचीच आणि लागेल त्याच्या दीडपट घ्यावी. डायपरही घरून न्यावेत.

प्रकृतीविषयी पालक सर्वांत जास्त घाबरतात ते समुद्र लागण्याला. दोन वर्षांखालील मुलांना हा त्रास सहसा होत नाही, दोन ते बारा या वयात तो अधिक होतो. म्हणजे काळजी मुलीची घ्यायची आहे. निघण्यापूर्वी आपल्या बालरोगतज्ज्ञांकडून तिच्या वजनाप्रमाणे औषध लिहून घ्यावे, मोठ्यांच्या गोळ्या तोडून देऊ नयेत. त्रास झालाच तर तिला मोकळ्या डेकवर नेऊन क्षितिजाकडे पाहायला लावावे आणि कोरडे बिस्कीट द्यावे. पोटाचे संसर्ग जहाजावर वेगाने पसरतात, आणि नोरोव्हायरसवर हात चोळायच्या सॅनिटायझरपेक्षा साबण-पाणी अधिक परिणामकारक असते, म्हणून प्रत्येक जेवणापूर्वी मुलांचे हात साबणानेच धुवावेत. जहाजावर डॉक्टर असतो, पण बालरोगतज्ज्ञ बहुधा नसतो आणि त्याचे बिल मोठे येते. आजी-आजोबांसह सर्व सहा जणांचा प्रवास विमा घ्यावा आणि त्यात जहाजावरून रुग्णालयात हलवण्याचा खर्च धरलेला आहे का, ते तपासावे.

दर पाहताना ‘मुले मोफत’ या शब्दांचा अर्थ फक्त केबिनचे भाडे मोफत असा असतो. बंदर शुल्क आणि कर बाळालाही लागतात, आणि रोजची सेवा-बक्षिसी काही कंपन्या तान्ह्या बाळाचीही घेतात. परदेशी सहलीवर कापला जाणारा टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच आगाऊ घेतला जाणारा आयकर, वेगळा असतो. तो आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो. एकूण आकडा लेखी घेतल्याशिवाय दोन कंपन्यांची तुलना करू नये.

नाशिकहून निघण्याची आखणी एक दिवस आधीची असावी. मुंबईहून जहाज पकडायचे असेल तर सीएसएमटीपासून बॅलार्ड पिअर जेमतेम दोन किलोमीटरवर आहे, त्यामुळे सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडून त्याच दिवशी चढण्याचा मोह होतो. तो टाळावा. जहाज गाडीसाठी थांबत नाही, आणि पहाटे उठवलेले बाळ दुपारी केबिन मिळेपर्यंत पूर्ण थकलेले असते. सिंगापूरसाठी विमान मुंबईहून घेणे सोयीचे. ते बहुधा रात्रीचे असते, म्हणून सिंगापुरात एक रात्र मुक्काम करून दुसऱ्या दिवशी जहाजावर जावे. मोठे सामान केबिनमध्ये पोचायला काही तास लागतात. दोन-तीन डायपर, दूध, औषधे आणि कपड्यांचा एकेक जोड हातातल्या पिशवीतच असू द्यावा.

जहाज सुटण्यापूर्वी सुरक्षेचा सराव प्रत्येकाला बंधनकारक असतो. त्या वेळी मुलांच्या मापाची जीवरक्षक जाकिटे मागून घ्यावीत, ती केबिनमध्ये आपोआप ठेवलेली असतीलच असे नाही. किड्स क्लबमध्ये मुलांच्या मनगटाला एक पट्टी बांधतात, तिच्यावर कुटुंबाने आणीबाणीत जमायच्या ठिकाणाचा क्रमांक असतो. ती अंघोळीतही काढू नये. कुंभमेळ्यात मुलाच्या खिशात नाव-गाव लिहिलेली चिठ्ठी ठेवण्याची आपल्याकडची रीत येथेही उपयोगी पडते, मात्र चिठ्ठीवर केबिनचा क्रमांक लिहू नये, आई-वडिलांची नावे आणि तो जमण्याच्या ठिकाणाचा क्रमांक पुरेसा आहे.

आपल्या पत्रात बाळाच्या पासपोर्टचा उल्लेख नाही, म्हणून शेवटी तेवढेच लिहितो. परदेशी फेरीसाठी प्रत्येक मुलाला स्वतःचा पासपोर्ट लागतो आणि तो प्रवासानंतर किमान सहा महिने वैध असावा लागतो. लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असल्याने मुलीचा आधी काढलेला असेल तर त्याची तारीख आजच पाहावी. मुलाच्या अर्जाबरोबर दोन्ही पालकांच्या सहीचे ‘परिशिष्ट डी’ हे घोषणापत्र द्यावे लागते आणि चार वर्षांखालील बाळाचा पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फोटो सोबत न्यावा लागतो. सिंगापूरचा व्हिसा सहाही जणांना लागेल, आणि जहाज ज्या ज्या देशात थांबणार आहे त्या प्रत्येकाचे प्रवेशाचे नियम वरचेवर बदलत असल्याने ते बुकिंगच्या वेळी एकदा आणि निघण्याच्या महिनाभर आधी पुन्हा तपासावेत. जन्मदाखल्यावरचे नाव आणि पालकांच्या पासपोर्टवरची नावे अक्षरशः जुळत नसतील, तर नाशिक महानगरपालिकेकडून दाखल्याची दुरुस्ती आधी करून घ्यावी, त्याला वेळ लागतो. केबिनची आगाऊ रक्कम त्यानंतरच भरावी.